धन्यवादाच्या खालचा मजकूर

आमच्या ह्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं, की मी आधीच बजावते: माणूस लाख आहे, पण त्याला प्रश्न विचारायच्या फंदात पडू नका. मी पडलेय, लग्न झाल्यापासून पडतेय, आणि अजून एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालेलं नाही.

नाव शरच्चंद्र. देवासला एका फॅक्टरीच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरी. मूळ घर धारचं. सासरे संस्थानच्या कचेरीत होते, त्यामुळे नियम, अर्ज आणि शिक्का ह्यांच्या रक्तातच. थोरले भाऊ नीलकंठ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते धारला गणिताचे मास्तर होते, आता रिटायर. सासूबाई, म्हणजे अक्का, दादांकडेच असतात. धाकटे हे, नोकरीसाठी देवासला आले आणि टेकडीच्या पायथ्याशी घर करून इथलेच झाले.

दोन हजार आठच्या सुमाराला घरी इंटरनेट आलं आणि माझ्या संसारात एक साईट शिरली. जगभरचे प्रोग्रामर तिथे आपले अडलेले प्रश्न टाकायचे आणि जगभरचेच प्रोग्रामर फुकटात उत्तरं द्यायचे. ह्यांनी इतकी उत्तरं दिली, इतकी दिली, की वर्षभरात त्या लोकांनी ह्यांना मॉडरेटर करून टाकलं. आमची चिऊ इंदूरला इंजिनिअरिंग करत होती, तिनं मला समजावलं, "आई, बाबा आता तिथले हेडमास्तर झाले. जो प्रश्न कायदे का नाही, म्हणजे नियमात बसत नाही, तो बंद." ह्यांनी कॉलनीत पेढे वाटले. शेजारचे नारायणराव म्हणाले, "क्या बात है भिया, प्रमोशन?" हे म्हणाले, "त्याच्याहून वरचं."

झालं. संध्याकाळी चहा घेतला, की हे कॉम्प्युटरपुढे आणि प्रश्नांची कत्तल सुरू. हा विषयाबाहेरचा, बंद. हा अस्पष्ट, बंद. हा आधीच कुणीतरी विचारलाय, बंद. ह्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या मतावर अवलंबून आहे, बंद. कुणी बिचारा चीनमधून, कुणी ब्राझीलमधून आशेनं विचारतोय, आणि आमच्या देवासच्या मागच्या खोलीत बनियनवर बसलेला हा माणूस त्याच्या तोंडावर दार लावतोय!

बरं, तिथेच थांबले असते तर माझं काय जात होतं? पण घरातही तेच. मी विचारायचं, "आज भाजी कुठली करू?" तर, "मतावर अवलंबून असलेला प्रश्न." मी विचारायचं, "कपाटाची किल्ली बघितलीत का?" तर, "तू आधी कुठे कुठे शोधलंस ते सांग, मग विचार." मी म्हणायचं, "चिऊच्या स्थळाचं कधी बघायचं?" तर, "हा प्रश्न मार्चमध्ये विचारून झालाय." मी एकदा लाटणं घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला बंद करून दाखवा." तेव्हा मात्र पटकन उठून किल्ली शोधायला लागले.

त्यांचा सगळ्यात आवडता नियम वेगळाच होता. प्रश्नात फक्त प्रश्न पाहिजे. वर नमस्कार नको, खाली धन्यवाद नको, सही नको, घरची खुशाली तर नकोच नको. लोक लिहितातच. मग हे ते कापायचे. हातानं कापून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं कात्री. एक बटण दाबलं, की 'धन्यवाद' ह्या शब्दापासून खालचं सगळं साफ.

"अहो, पण वाचता तरी का काय कापलं ते?" मी एकदा विचारलं.

"धन्यवादाच्या खाली कुणी कामाचं लिहीत नाही, दुर्गा. जगभराचा अनुभव आहे."

जगाचा असेल. पण माळव्याचा? आपल्याकडे कामाचं बोलणं कधी होतं, सांगा बरं? माणूस येतो, बसतो. पोहे होतात, शेव होते, पाऊसपाणी होतं, तुमचे गुडघे कसे, आमचे गुडघे कसे. मग "बरं, निघतो, थँक्यू हं" म्हणून उठतो, बाहेर जातो, चपला घालतो, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून म्हणतो, "अरे हां, एक बात रह गई." ती जी राहिलेली बात, तीच खरी. तिच्यासाठीच तर आलेला असतो! नारायणरावांनी मुलीचं लग्न मोडल्याचं आम्हाला उंबऱ्यावरच सांगितलं. मला सांगितलं, असं म्हणायला पाहिजे. कारण समोरच्यानं चपला घातल्या, की हे आत निघून गेलेले असतात.

आता अबोल्याचं सांगते, कारण सगळा जीव त्यात अडकलेला होता.

अठ्ठ्याण्णव साली देवासच्या आमच्या मराठी मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. दादांना धारहून खास भाषणाला बोलावलं. दहा मिनिटं दिली होती. वेळ बघायला, टेबलावरची घंटा घेऊन, कोण बसलेलं? हेच. दादा उभे राहिले. आधी सगळ्यांची नावं घेऊन नमस्कार. मग कुणाचे वडील कुठल्या खात्यात होते. मग धार-देवासची जुनी सोयरिक. आठव्या मिनिटाला ह्यांनी घंटा वाजवली. दहाव्याला वाजवली. दादा हसून म्हणाले, "हो हो, आता शेवटचं एकच, ज्याच्यासाठी मी इथवर आलो," आणि ह्यांनी जी घंटा धरली, ती दादा खाली बसेपर्यंत सोडली नाही. भर सभेत! सख्ख्या थोरल्या भावावर!

दादा न जेवता धारच्या बसला बसले. हे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." दादा म्हणाले, "तो आधी बोलल्याशिवाय मी बोलणार नाही." हे म्हणाले, "माझं काय चुकलं?" अकरा वर्षं. मी आणि माझ्या जाऊबाई प्रेमलावहिनी फोनवर बोलायचो, सणाला डबे पाठवायचो, पण भाऊ भावाचं तोंड बघेना. हे अक्कांना भेटायला धारला जायचे तेसुद्धा दादा बाजारात गेले, की. वहिनी ह्यांना मिस्ड कॉल द्यायच्या, तो आला की हे चौकातल्या चहाच्या टपरीवरून उठायचे. साठीला आलेली माणसं, आणि ही थेरं!

अक्का कुणालाच काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माझं सहस्रचंद्रदर्शन कराल तेव्हा दोघं मुलगे माझ्या दोन बाजूंना पाहिजेत. एकच असला तर मी चौरंगावर बसणार नाही. मग चंद्र हजार होवोत नाहीतर दहा हजार." अक्का म्हणजे अक्का. नाही म्हणाल्या की नाहीच. आणि दोन हजार नऊ साली त्यांना एक्याऐंशी लागणार होतं. हजार पौर्णिमा भरत आल्या होत्या. मी देवासात बसून दिवस मोजत होते आणि ह्यांच्यापुढे विषय काढला, की "विषयाबाहेर."

त्या उन्हाळ्यात हे रोज जेवताना एका माणसाच्या नावानं बोटं मोडायला लागले. नावानं कसलं, नाव ठाऊकच नव्हतं.

"एक वेडा आलाय साईटवर. विचारतो, दोन तारखांच्या मधे पौर्णिमा किती, ते मोजायचा प्रोग्राम कसा लिहायचा. अरे, हा ज्योतिषाचा प्रश्न आहे! बंद केला. परत आला. म्हणतो, जन्म अधिक महिन्यातला असेल तर कसं धरायचं? बंद केला. परत आला!"

पौर्णिमा म्हटल्यावर मला अक्का आठवल्या. मी वाढता वाढता विचारलं, "कोण आहे हो तो?"

"आम्ही नाव बघत नाही. नाव टाकलेलंही नाही त्यानं, नुसता नंबर आहे."

"कुठला आहे?"

"गाव बघत नाही. आम्ही प्रश्न बघतो, माणूस नाही." हे असं म्हणताना मान ताठ, हातात कढीची वाटी. मी म्हटलं जाऊ दे, जगात पौर्णिमा काय आपल्याच घरी उगवते?

मग एका बुधवारी हे खुशीत जेवायला आले. "त्या चंद्रवाल्याला आठ दिवसांची बंदी घातली. आठ वेळा विषयाबाहेर! आठ वेळा कात्री लावली, तरी दर वेळी खाली शेपूट आहेच. आता बसू दे घरी."

गुरुवारी सकाळी प्रेमलावहिनींचा फोन. नेहमी माझी चौकशी, चिऊची चौकशी, लोणच्याची चौकशी, आणि मग काम. त्या दिवशी सरळ कामावर आल्या.

"दुर्गा, भाऊजींना म्हणावं, यायचं नसेल तर नका येऊ. पण आमंत्रण फाडून तोंडावर कशाला फेकायचं? आणि वर बंदी? सख्ख्या भावाला?"

"वहिनी, कसलं आमंत्रण?"

मग सगळं बाहेर आलं. दादा चौकातल्या कॉम्प्युटर क्लासात तीन महिने पोराटोरांबरोबर बसून प्रोग्रामिंग शिकले होते. एकसष्टाव्या वर्षी! अक्कांच्या पौर्णिमा मोजायच्या होत्या. अक्कांचा जन्म अधिक श्रावणातला, गुरुजी एक आकडा सांगायचे, पंचांग दुसरा. आणि शरद त्या साईटवर मोठा माणूस आहे, हे त्यांना माझ्याकडूनच, वहिनींमार्फत, कळलं होतं. बोलायचं नाही अशी शपथ होती, लिहायचं नाही अशी नव्हती. म्हणून दादा लिहीत होते. वर प्रश्न, मग धन्यवाद, आणि धन्यवादाच्या खाली, इंग्रजी अक्षरांत मराठी, मनातलं सगळं.

"पाच मिनिटांत कापायचे गं भाऊजी," वहिनी रडत होत्या. "खाली त्यांचंच नाव यायचं, शरच्चंद्र यांनी दुरुस्त केलं म्हणून. हे म्हणायचे, वाचलं त्यानं, वाचून कापलं. तरी परत लिहायचे. काल बंदी आली तेव्हा म्हणाले, अक्काला सांगून टाक, शरद येणार नाही. आणि अक्का म्हणाल्या, मग गुरुजींना नको म्हणून कळवा. रविवार वटपौर्णिमेनंतरचा धरला होता, दुर्गा. मांडववाल्यालासुद्धा सांगून झालं होतं."

मी फोन ठेवला. ह्यांची फॅक्टरी सुटेपर्यंत मी तीनदा कपड्यांच्या घड्या केल्या आणि तीनदा मोडल्या. चिऊ सुट्टीला घरी होती, तिला कॉम्प्युटर लावायला सांगितला. तिनं दोन मिनिटांत दाखवलं, की कापलेलं जात नाही, मागे सगळं साठून राहतं, कुणी कधी काय कापलं तेही.

हे आले. चहा टाकला नव्हता, त्यावरूनच त्यांना कळलं काहीतरी आहे.

"बसा," मी म्हटलं. "तुमच्या चंद्रवाल्याची शेपटं वाचा. आठही. मोठ्यानं."

"दुर्गा, हा विषय..."

"बाहेरचा म्हणालात तर आज तुम्हालाच बाहेर काढीन!"

चिऊनं पहिलं उघडलं. ह्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. 'धन्यवाद. शरद, मी दादा. क्लासातल्या मुलानं खातं काढून दिलं, नाव टाकायचं राहिलं. तुझी उत्तरं वाचतो. छान लिहितोस.' दुसरं, 'धन्यवाद. अक्काचा एक डोळा आता कमी दिसतो. तुझा फोटो दुसऱ्या डोळ्यासमोर धरते.' तिसऱ्यात प्रेमलावहिनींच्या कैरीच्या लोणच्याबद्दल होतं. चौथ्यात, 'तू कापलंस ते बघितलं. असू दे. तुझा नियम आहे.'

पाचव्याला ह्यांनी चष्मा काढून ठेवला. मीच वाचलं, अडखळत, ती इंग्रजी अक्षरं लावत लावत. 'धन्यवाद. त्या दिवशी देवासला घंटा झाली, तेव्हा शेवटचं वाक्य राहिलं. ते असं होतं, की हे मंडळ उभं करताना माझा धाकटा भाऊ तीन वर्षं रविवारचा घरी जेवला नाही, आणि हे तो कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगायला आलोय.'

आठव्यात आमंत्रण होतं. वार, वेळ, पत्ता, जणू आपल्याच घराचा पत्ता ह्यांना ठाऊक नव्हता, आणि खाली 'तुझा, दादा.' ते कापल्याची वेळ होती, चार मिनिटांनंतरची.

"मी वाचलं नाही गं," हे म्हणाले. "देवाशपथ, एकही वाचलं नाही." आणि असे रडायला लागले, की चिऊ घाबरून पाणी आणायला पळाली. मलाही रडू येत होतं, पण मी म्हटलं, आता दोघंही रडलो तर पुढचं कोण करणार?

"फोन लावू?" मी विचारलं.

"नको. त्यांनी लिहून विचारलं, मी लिहून उत्तर देणार." नियम सुटेल तर शपथ! पण मग ह्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. बंदी उठवली. आठही शेपटं जिथल्या तिथे परत जोडली. तो बंद केलेला पौर्णिमांचा प्रश्न उघडला आणि दोन तास बसून त्याचं उत्तर लिहिलं, सगळा प्रोग्राम, अधिक महिन्यासकट. हजारावी पौर्णिमा ह्याच वटपौर्णिमेला येत होती. आणि उत्तराच्या खाली ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'धन्यवाद.' आणि धन्यवादाच्या खाली, 'दादा, माझं चुकलं. आम्ही शनिवारीच येतो. शरद.'

बटण दाबलं. तीन मिनिटं झाली असतील. कुठल्यातरी देशातला दुसरा मॉडरेटर आला आणि त्यानं कच्चकन खालचं सगळं उडवलं! ह्यांचीच कात्री वापरून! ती ह्यांनी सगळ्यांना वाटली होती ना, मोठ्या मनानं. वर त्याचा निरोप, की शरच्चंद्र, तुमची तब्येत बरी आहे का, तुमच्या खात्यात कुणी शिरलंय का?

"अरे माणसा, भावाला लिहिलंय ते!" हे त्या पडद्यावर ओरडले. "वाचून तरी कापायचं!"

मी आणि चिऊनं एकमेकींकडे बघितलं. हसायचं की नाही, तेच कळेना.

हे परत जोडणार, इतक्यात फोन वाजला. प्रेमलावहिनी. "दुर्गा! वाचलं! कापायच्या आधी वाचलं ह्यांनी! दुपारपासून घरच्या कॉम्प्युटरसमोरच बसून होते, बंदी उठते का बघत, जेवले पण नाहीत. आता लहान मुलासारखे घरभर फिरतायत आणि मला सांगतायत, शरदनं सही केली, सही केली." मागून दादांचा आवाज येत होता, मांडववाल्याला फोन लाव म्हणून.

शनिवारी इंदूरला बस बदलून आम्ही धारला पोचलो. दादा दारात उभे. अकरा वर्षांचं बोलायचं होतं दोघांना. दादा म्हणाले, "वाटेत ऊन होतं का रे?" हे म्हणाले, "होतं थोडं." मग दोघांनी मिळून आमची बॅग उचलली, एकेका कानाला धरून, आणि दारात अडकले.

रविवारी अक्का चौरंगावर बसल्या. एका बाजूला दादा, एका बाजूला हे. होम झाला, ओवाळून झालं. गुरुजींनी आरतीची घंटा ह्यांच्या हातात दिली होती, ती तशीच हातात राहिली. तेवढ्यात दादा उभे राहिले. म्हणाले, दोन शब्द बोलतो.

आधी सगळ्यांची नावं घेऊन नमस्कार. मग कुणाचे वडील कुठल्या खात्यात. मग अधिक श्रावणाचं गणित, मग क्लासातली पोरं, मग प्रोग्रामची पहिली ओळ, दुसरी ओळ. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मांडवात ज्येष्ठातलं ऊन, आत डाळीबरोबरचे बाफले गार, पुरणपोळ्या चिवट. पोरं रडायला लागली. दादा एकदम थांबले, ह्यांच्या हातातल्या घंटेकडे बघितलं, आणि म्हणाले, "आता शेवटचं एकच."

सगळा मांडव ह्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांनी घंटा मांडीवर घेतली, तिचा लोळा मुठीत गच्च धरला, चुकूनसुद्धा हलू नये म्हणून, आणि म्हणाले, "सावकाश होऊ दे, दादा."

दादा आणखी पंचवीस मिनिटं बोलले. ह्यांची मूठ घामानं भिजली, पण सुटली नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि भूकही मरणाची लागली होती.

संध्याकाळी आम्ही निघालो. अक्कांना नमस्कार केला, त्यांनी खणानारळानं ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला, खूप समाधान झालं म्हणाल्या. मी बाहेर येऊन चपला घातल्या. हे मात्र अजून चपला न घालता उंबऱ्यापाशीच उभे होते. मी विचारलं, "आता कशासाठी थांबलात?" तर म्हणाले, "अक्काची एक बात राहिली असेल."

आणि खरंच, अक्का काठी टेकत आल्या. दादा आत पाणी प्यायला गेले होते, तिकडे एकदा मागे वळून बघितलं, आणि ह्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "बाकी सगळं छान झालं रे. पण शरद, घंटा हातात होती ना तुझ्या? मग वाजवली का नाहीस?"